मेजर लीग बेसबॉल ड्राफ्ट

मेजर लीग बेसबॉल ड्राफ्ट ही उत्तर अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉल या व्यावसायिक स्पर्धेच्या ३० संघांमध्ये हौशी खेळाडूंची वाटणी करणारी वार्षिक प्रक्रिया आहे. तिच्यात प्रत्येक संघ ठरलेल्या क्रमाने एकेका खेळाडूचे नाव घेतो. नाव घेतले गेल्यावर त्या खेळाडूशी करार करण्याचा हक्क ठरावीक मुदतीपर्यंत केवळ त्याच संघाकडे राहतो. स्पर्धेच्या नियमावलीतील चौथ्या नियमावरून या प्रक्रियेला 'नियम ४ ड्राफ्ट' असेही म्हणतात. पहिला ड्राफ्ट जून १९६५ मध्ये न्यू यॉर्क येथे झाला. २०२१ पासून तो जुलै महिन्यात होतो व त्याच्या २० फेऱ्या असतात.

ड्राफ्ट आणि लिलाव यांत मूलभूत फरक आहे. इंडियन प्रीमियर लीगच्या लिलावात एकाच खेळाडूसाठी अनेक संघ बोली लावतात व त्यातून त्याची किंमत वाढते. ड्राफ्टमध्ये मात्र बोली नसते. खेळाडूसमोर एकच खरेदीदार असतो, आणि तो कोणता असेल हे खेळाडू ठरवू शकत नाही. दुबळ्या संघांना चांगले खेळाडू आधी मिळावेत आणि नवोदितांवर होणारा खर्च आटोक्यात राहावा, असे दोन हेतू या पद्धतीमागे सांगितले जातात. ड्राफ्टच्या इतिहासातील बहुतेक नियमबदल आणि वाद या दोन हेतूंपैकी कोणाला झुकते माप द्यायचे, याच प्रश्नाभोवती फिरताना दिसतात.

## पार्श्वभूमी

१९६५ पूर्वी शालेय व महाविद्यालयीन खेळाडू कोणत्याही संघाशी करार करण्यास मोकळे होते. संघांचे शोधक, म्हणजेच स्काउट, गावोगावी फिरून खेळाडू हेरत आणि त्यांच्या घरी जाऊन करार करीत. दुसऱ्या महायुद्धानंतर श्रीमंत संघांमध्ये चढाओढ लागली. करारावर सही करण्यापोटी दिली जाणारी एकरकमी रक्कम, म्हणजे करारबोनस, झपाट्याने वाढू लागला.

यावर उपाय म्हणून संघमालकांनी १९४७ पासून 'बोनस नियम' वेगवेगळ्या स्वरूपांत लागू केला. १९५३ च्या स्वरूपानुसार ४,००० डॉलरहून अधिक रकमेवर करारबद्ध झालेल्या नवोदिताला दोन वर्षे मुख्य संघातच ठेवणे बंधनकारक होते. त्यामुळे १८-१९ वर्षांच्या मुलांना दुय्यम स्पर्धांमध्ये घडण्याची संधी मिळत नसे, आणि त्यांचा बराच काळ बाकावर बसून जाई. अशा खेळाडूंना 'बोनस बेबी' म्हटले जाई. पुढे बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये गेलेले सँडी कोफॅक्स, हार्मन किलब्रू व अल केलाइन हे तिघेही बोनस बेबी होते.

बोनस नियमाने खर्च थांबला नाही. १९६४ मध्ये लॉस एंजेलस एंजल्स संघाने विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या रिक रायकार्ट या खेळाडूला २,०५,००० डॉलर देऊन करारबद्ध केले. ही रक्कम त्या काळी अभूतपूर्व होती आणि अनेक प्रस्थापित खेळाडूंच्या वार्षिक वेतनापेक्षा खूप मोठी होती. अमेरिकन फुटबॉलमधील नॅशनल फुटबॉल लीगने १९३६ पासूनच ड्राफ्ट सुरू केला होता. रायकार्टच्या करारानंतर बेसबॉलच्या संघमालकांनीही तोच मार्ग स्वीकारला.

## पहिला ड्राफ्ट आणि सुरुवातीची वर्षे

पहिल्या ड्राफ्टमध्ये पहिले नाव रिक मंडे याचे घेतले गेले. ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या या बाह्य क्षेत्ररक्षकाला कॅन्सस सिटी ॲथलेटिक्सने निवडले. त्याला सुमारे १ लाख डॉलर मिळाले, म्हणजे आदल्या वर्षी रायकार्टला मिळालेल्या रकमेच्या सुमारे निम्मेच. खर्च कमी करण्याचा हेतू पहिल्याच वर्षी साध्य झाला होता.

त्याच ड्राफ्टमध्ये सिनसिनाटी रेड्सने दुसऱ्या फेरीत कॅचर जॉनी बेंच याला, तर न्यू यॉर्क मेट्सने बाराव्या फेरीत पिचर नोलन रायन याला निवडले. दोघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. हौशी खेळाडूच्या भवितव्याचा अंदाज बांधणे किती अवघड आहे, याची ती पहिली प्रचिती होती.

सुरुवातीला वर्षातून एकाहून अधिक ड्राफ्ट होत. जूनमधील मुख्य ड्राफ्टखेरीज जानेवारीतही निवड होत असे, आणि पहिली दोन वर्षे ऑगस्टमध्येही एक निवड झाली. १९८७ पासून वर्षातून एकच ड्राफ्ट होऊ लागला. फेऱ्यांनाही पूर्वी मर्यादा नव्हती. संघ थकेपर्यंत नावे घेतली जात. १९९८ मध्ये ५० फेऱ्यांची आणि २०१२ मध्ये ४० फेऱ्यांची मर्यादा आली. कोविड-१९ महासाथीमुळे २०२० चा ड्राफ्ट केवळ ५ फेऱ्यांचा झाला. त्या वर्षी निवड न झालेल्या खेळाडूंना जास्तीत जास्त २०,००० डॉलर बोनसवर करार करता येत होता. २०२१ पासून २० फेऱ्यांची पद्धत रूढ झाली.

### टॉम सीव्हर प्रकरण

नवी पद्धत रुळण्याआधीच तिची कसोटी लागली. १९६६ च्या जानेवारीत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचा पिचर टॉम सीव्हर याला ब्रेव्हज संघाने निवडून करारबद्ध केले. परंतु करार झाला तेव्हा त्याच्या विद्यापीठाच्या संघाचा हंगाम सुरू झालेला असल्याने आयुक्त विल्यम एकर्ट यांनी तो करार रद्द ठरवला. दुसरीकडे, व्यावसायिक करारावर सही केल्यामुळे महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने त्याला हौशी सामन्यांसाठी अपात्र ठरवले. त्यामुळे सीव्हरला खेळायला जागाच उरली नाही. अखेर ब्रेव्हजइतकी रक्कम देण्यास तयार असलेल्या अन्य संघांमध्ये चिठ्ठ्या टाकण्याचा निर्णय झाला. मेट्स, फिलाडेल्फिया फिलीज व क्लीव्हलँड या तीन संघांनी तयारी दाखवली आणि मेट्सची चिठ्ठी निघाली. १९६९ मध्ये मेट्सने जिंकलेल्या पहिल्या विश्व मालिकेत सीव्हर हा त्या संघाचा प्रमुख पिचर होता.

## पात्रता

अमेरिकेची संयुक्त संस्थाने, कॅनडा आणि पोर्तो रिकोसह अमेरिकेच्या अधिपत्याखालील प्रदेशांतील रहिवासी ड्राफ्टसाठी पात्र असतात. पोर्तो रिको व कॅनडा यांचा समावेश १९९० च्या सुमारास झाला. पात्र खेळाडूंचे ढोबळमानाने तीन गट पडतात.

* माध्यमिक शिक्षण पूर्ण केलेले, परंतु अद्याप महाविद्यालयात न गेलेले खेळाडू.
* चार वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या महाविद्यालयातील, तिसरे वर्ष पूर्ण केलेले किंवा वयाची २१ वर्षे गाठलेले खेळाडू.
* दोन वर्षांच्या कनिष्ठ महाविद्यालयांतील खेळाडू. हे कोणत्याही वर्षी पात्र असतात.

डॉमिनिकन प्रजासत्ताक, व्हेनेझुएला, जपान आदी अन्य देशांतील खेळाडू ड्राफ्टच्या कक्षेत येत नाहीत. लॅटिन अमेरिकेतील खेळाडू वयाच्या १६ व्या वर्षापासून थेट संघांशी करार करू शकतात. मात्र प्रत्येक संघाने अशा करारांवर किती खर्च करावा यावर मर्यादा असते.

पात्रतेच्या या नियमांत खेळाडूचे मुख्य सामर्थ्य दडलेले आहे. शाळा संपवलेला खेळाडू कराराला नकार देऊन महाविद्यालयात जाऊ शकतो व तीन वर्षांनी पुन्हा ड्राफ्टमध्ये येऊ शकतो. महाविद्यालयाच्या अखेरच्या वर्षातील खेळाडूकडे असा पर्याय नसतो. म्हणूनच समान गुणवत्तेच्या खेळाडूंमध्येही त्याला बहुधा कमी बोनस मिळतो. १७ किंवा १८ वर्षांच्या मुलाला आणि त्याच्या कुटुंबाला हा निर्णय अवघ्या काही आठवड्यांत घ्यावा लागतो. चुकलेला निर्णय दुरुस्त करण्याची संधी दुखापत झाल्यास पुन्हा मिळेलच असे नाही.

## निवडीचा क्रम

### उलटा क्रम

मागील हंगामात सर्वांत कमी सामने जिंकलेल्या संघाने प्रथम निवड करावी, हे मूळ तत्त्व होते. परंतु २००४ पर्यंत अमेरिकन लीग व नॅशनल लीग या दोन विभागांना पहिल्या क्रमांकाचा मान आलटूनपालटून मिळे. डेट्रॉइट टायगर्सने २००३ मध्ये ११९ सामने गमावले होते. तरीही २००४ मध्ये पाळी नॅशनल लीगची असल्याने पहिली निवड सॅन डिएगो पाद्रेजला मिळाली. त्यांनी मॅट बुश या शालेय शॉर्टस्टॉपला निवडले. टायगर्सने दुसऱ्या क्रमांकावर जस्टिन व्हर्लँडर या पिचरला घेतले. व्हर्लँडरने पुढे सर्वोत्तम पिचरला दिला जाणारा साय यंग पुरस्कार तीनदा जिंकला. बुश मेजर लीगमध्ये पोहोचला तो २०१६ मध्ये, दुसऱ्या संघातून आणि पिचर म्हणून. २००५ पासून दोन्ही लीगचा एकत्रित क्रम लावला जातो.

### सोडत

वरचा क्रमांक मिळावा म्हणून काही संघ हंगामात मुद्दाम दुबळा संघ उतरवतात, अशी तक्रार २०१० च्या दशकात वाढली. २०२२ च्या सामूहिक करारात यावर उपाय म्हणून सोडत पद्धत आली. अंतिम टप्प्यात न पोहोचलेल्या १८ संघांमध्ये पहिल्या सहा क्रमांकांसाठी सोडत काढली जाते. सर्वांत तळाच्या तीन संघांना पहिल्या क्रमांकाची प्रत्येकी १६.५ टक्के संधी असते.

पहिली सोडत डिसेंबर २०२२ मध्ये निघाली व पहिला क्रमांक पिट्सबर्ग पायरेट्सला मिळाला. पुढील वर्षी केवळ २ टक्के संधी असलेल्या क्लीव्हलँड गार्डियन्सला पहिला क्रमांक मिळाला. एकाच संघाने वर्षानुवर्षे सोडतीचा लाभ घेऊ नये, अशीही तरतूद आहे. तिचा फटका शिकागो व्हाइट सॉक्सला बसला. २०२४ मध्ये त्यांनी १२१ सामने गमावून आधुनिक काळातील पराभवांचा विक्रम केला. मात्र आदल्या सोडतीत वरचा क्रमांक मिळालेला असल्याने २०२५ मध्ये त्यांची पहिली निवड दहाव्या क्रमांकावर आली.

### अतिरिक्त निवडी

एखादा प्रमुख खेळाडू करारमुक्त होऊन दुसऱ्या संघात गेल्यास मूळ संघाला भरपाई म्हणून ड्राफ्टमधील निवड मिळू शकते. मार्क टेशेरा न्यू यॉर्क यांकीजकडे गेल्याबद्दल एंजल्सला २००९ मध्ये २५ वा क्रमांक मिळाला. त्या क्रमांकावर त्यांनी माइक ट्राउट याला निवडले. ट्राउट पुढे तीन वेळा अमेरिकन लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला. २०२२ च्या करारानुसार, होतकरू खेळाडूला हंगामाच्या प्रारंभापासून मुख्य संघात स्थान देणाऱ्या संघालाही विशिष्ट अटींवर अतिरिक्त निवड मिळते. हुलिओ रॉड्रिगेझ २०२२ चा सर्वोत्तम नवोदित ठरल्यामुळे सिॲटल मरिनर्सला २०२३ मध्ये अशी निवड मिळाली.

## करारबोनस व निधीची मर्यादा

२०११ पर्यंत बोनसवर बंधनकारक मर्यादा नव्हती. आयुक्तांचे कार्यालय शिफारस करी, पण श्रीमंत संघ ती झुगारू शकत. २००९ मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्सने प्रथम क्रमांकाचा पिचर स्टीव्हन स्ट्रासबर्ग याच्याशी १ कोटी ५१ लाख डॉलरचा चार वर्षांचा करार केला.

२०१२ पासून प्रत्येक निवडीला 'स्लॉट मूल्य' ठरवून दिले जाते. पहिल्या दहा फेऱ्यांतील निवडींच्या मूल्यांची बेरीज म्हणजे त्या संघाचा बोनस निधी. निधी ओलांडणाऱ्या संघाला पुढीलप्रमाणे दंड होतो.

* ५ टक्क्यांपर्यंत : जादा रकमेवर ७५ टक्के कर.
* ५ ते १० टक्के : ७५ टक्के कर आणि पुढील वर्षीची पहिल्या फेरीतील निवड रद्द.
* १० ते १५ टक्के : १०० टक्के कर आणि पहिल्या व दुसऱ्या फेरीतील निवड रद्द.
* १५ टक्क्यांहून अधिक : १०० टक्के कर आणि पुढील दोन वर्षांची पहिल्या फेरीतील निवड रद्द.

निवड गमावण्याची भीती मोठी असल्याने संघ ५ टक्क्यांच्या आत राहण्याची काळजी घेतात. निधी एकूण रकमेवर असल्याने एका खेळाडूवर वाचवलेले पैसे दुसऱ्यावर खर्च करता येतात. ह्यूस्टन ॲस्ट्रोजने २०१२ मध्येच याचा उपयोग केला. प्रथम क्रमांकाचे मूल्य ७२ लाख डॉलर असताना त्यांनी कार्लोस कोरेया याच्याशी ४८ लाखांत करार केला. उरलेल्या पैशांतून ४१ व्या क्रमांकावरील लान्स मकलर्स ज्युनियर याला २५ लाख डॉलर देऊन महाविद्यालयापासून परावृत्त केले. २०१७ ची विश्व मालिका जिंकणाऱ्या ॲस्ट्रोज संघात हे दोघेही होते.

तेव्हापासून प्रथम क्रमांकाच्या खेळाडूला पूर्ण स्लॉट मूल्य न मिळणे नेहमीचे झाले आहे. २०२३ मध्ये हे मूल्य सुमारे ९७ लाख डॉलर होते व पॉल स्कीन्सला ९२ लाख मिळाले. २०२४ मध्ये ते सुमारे १ कोटी ६ लाख होते व ट्रॅव्हिस बझाना याला ८९.५ लाख मिळाले. २०२५ मध्ये ते सुमारे १ कोटी ११ लाख होते व ईलाय विलिट्स याला ८२ लाख मिळाले.

निवड झालेला खेळाडू मुदतीत करारबद्ध न झाल्यास त्याचे स्लॉट मूल्य संघाच्या निधीतून वजा होते. पहिल्या दोन फेऱ्यांतील निवडीच्या बाबतीत संघाला पुढील वर्षी एका स्थानाने खालची निवड भरपाई म्हणून मिळते.

## गाजलेले वाद

पीट इन्काव्हिग्लिया : १९८५ मध्ये माँट्रियल एक्स्पोजने निवडलेल्या या खेळाडूने त्या संघासाठी खेळण्यास नकार दिला. शेवटी एक्स्पोजने त्याला करारबद्ध करून लगेच टेक्सास रेंजर्सला दिले. यानंतर, नव्याने करारबद्ध झालेल्या खेळाडूची एक वर्षापर्यंत अदलाबदल करू नये, असा नियम आला.

जे. डी. ड्रू : १९९७ मध्ये फिलीजने दुसऱ्या क्रमांकावर निवडलेल्या ड्रूने देऊ केलेली रक्कम अपुरी मानून करार नाकारला. त्याचे सल्लागार स्कॉट बोरास होते. मेजर लीगशी संबंध नसलेल्या सेंट पॉल सेंट्स या स्वतंत्र संघातून खेळून तो १९९८ मध्ये पुन्हा ड्राफ्टमध्ये उतरला. सेंट लुइस कार्डिनल्सने त्याला पाचव्या क्रमांकावर घेतले. पुढे फिलाडेल्फियात खेळायला गेल्यावर तेथील प्रेक्षकांनी त्याच्यावरील रोष उघडपणे व्यक्त केला.

ब्रेडी एकेन : २०१४ मध्ये ॲस्ट्रोजने कॅलिफोर्नियाच्या या शालेय पिचरला प्रथम क्रमांकावर निवडले. ६५ लाख डॉलरवर तोंडी सहमती झाली होती. परंतु वैद्यकीय तपासणीनंतर त्याच्या कोपरातील अस्थिबंधाविषयी शंका आल्याने संघाने रक्कम कमी केली. वाटाघाटी फिसकटल्या. एकेनचे स्लॉट मूल्य निधीतून गेल्यामुळे पाचव्या फेरीतील जेकब निक्स याच्याशी ठरलेला करारही मोडला, ज्यात निक्सचा काहीच दोष नव्हता. मार्च २०१५ मध्ये एकेनच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षी क्लीव्हलँडने त्याला १७ व्या क्रमांकावर घेतले, पण तो मेजर लीगपर्यंत पोहोचू शकला नाही. ॲस्ट्रोजने भरपाईच्या दुसऱ्या क्रमांकावर ॲलेक्स ब्रेगमन याला निवडले. पुढे २०२२ च्या सामूहिक करारात, ड्राफ्टपूर्व वैद्यकीय तपासणी करून घेणाऱ्या खेळाडूला स्लॉट मूल्याच्या किमान ७५ टक्के रकमेचे संरक्षण देण्यात आले.

## निवडीनंतरची वाटचाल

अमेरिकन फुटबॉल व बास्केटबॉलमध्ये निवड झालेला खेळाडू बहुधा त्याच वर्षी मुख्य संघात खेळतो. बेसबॉलमध्ये मात्र त्याला प्रथम मायनर लीग या दुय्यम स्पर्धांच्या सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए व ट्रिपल-ए या पायऱ्या चढाव्या लागतात. या प्रवासात अनेक वर्षे जातात आणि निवड झालेल्यांपैकी बहुतेक जण मेजर लीगमध्ये एकही सामना खेळत नाहीत.

मायनर लीगमधील वेतन दीर्घकाळ अत्यल्प होते. २०२२ मध्ये तेथील खेळाडू मेजर लीगच्या खेळाडू संघटनेत सामील झाले. २०२३ च्या पहिल्या सामूहिक करारामुळे सिंगल-ए स्तरावरील किमान वार्षिक वेतन ११,००० वरून २६,२०० डॉलर, तर ट्रिपल-ए स्तरावरील १७,५०० वरून ३५,८०० डॉलर झाले.

प्रत्येक संघाची ४० खेळाडूंची एक संरक्षित यादी असते. तिच्यातून २६ जण प्रत्यक्ष मुख्य संघात असतात. ४० जणांच्या यादीतील खेळाडूला साधारणतः तीन हंगामांपर्यंत मायनर लीगमध्ये खाली-वर करता येते. त्यानंतर त्याला खाली पाठवायचे असल्यास आधी इतर संघांना त्याच्यावर दावा सांगण्याची संधी द्यावी लागते.

खेळाडू मायनर लीगमध्ये अडकून पडू नये यासाठी दर डिसेंबरमध्ये 'नियम ५ ड्राफ्ट' होतो. १८ किंवा त्याहून कमी वयात करारबद्ध झालेल्या खेळाडूला पाच हंगामांत, तर त्याहून मोठ्या वयात करारबद्ध झालेल्याला चार हंगामांत ४० जणांच्या यादीत न घेतल्यास दुसरा संघ १ लाख डॉलर भरून त्याला घेऊ शकतो. मात्र त्याला संपूर्ण पुढचा हंगाम मुख्य संघात ठेवावे लागते. रॉबर्टो क्लेमेंटे हा थोर खेळाडू १९५४ मध्ये या पद्धतीच्या पूर्वरूपातूनच ब्रुकलिन डॉजर्सकडून पायरेट्सकडे आला.

मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा पूर्ण झाल्यावर खेळाडू करारमुक्त होतो. आपला संघ स्वतः निवडण्याची पहिली खरी संधी त्याला येथे मिळते. तोपर्यंत अनेकांनी वयाची २८-२९ वर्षे ओलांडलेली असतात.

## खेळाडूंच्या अदलाबदलीशी संबंध

मेजर लीग बेसबॉलमध्ये ड्राफ्टमधील भावी निवडींची देवघेव करता येत नाही. लहान शहरांतील व कमी उत्पन्नाच्या संघांना दिल्या जाणाऱ्या 'स्पर्धासमतोल निवडी' याला अपवाद आहेत. त्यामुळे अदलाबदलीत प्रस्थापित खेळाडूच्या मोबदल्यात निवडीऐवजी पूर्वीच निवडलेले होतकरू खेळाडू दिले जातात. हंगामातील अदलाबदलीची अंतिम मुदत जुलैच्या अखेरीस असते. विजेतेपदाच्या शर्यतीतील संघ तेव्हा अनुभवी खेळाडू घेतात आणि मागे पडलेले संघ तरुण खेळाडू जमवतात.

असे सौदे पुढे कोणत्या बाजूला झुकतील हे सांगणे कठीण असते. १९८७ मध्ये टायगर्सने डॉयल अलेक्झांडर या अनुभवी पिचरसाठी जॉन स्मोल्ट्झ हा तरुण पिचर ब्रेव्हजला दिला. स्मोल्ट्झला टायगर्सने १९८५ मध्ये बाविसाव्या फेरीत निवडले होते. अलेक्झांडरने उरलेल्या हंगामात नऊ सामने जिंकले व एकही गमावला नाही. टायगर्सने विभागीय विजेतेपद मिळवले. स्मोल्ट्झ मात्र त्यानंतर दोन दशके अटलांटात खेळून हॉल ऑफ फेममध्ये पोहोचला. १९९० मध्ये बॉस्टन रेड सॉक्सने लॅरी अँडरसनसाठी चौथ्या फेरीतील जेफ बॅगवेल याला ॲस्ट्रोजला दिले. बॅगवेलही हॉल ऑफ फेममध्ये गेला.

करारानंतर एक वर्ष अदलाबदल न करण्याचा नियम २०१५ मध्ये शिथिल झाला व विश्व मालिका संपताच अशी अदलाबदल करता येऊ लागली. त्याच डिसेंबरमध्ये ॲरिझोना डायमंडबॅक्सने त्या वर्षीच्या प्रथम क्रमांकाच्या डॅन्स्बी स्वान्सन याला अटलांटा ब्रेव्हजला दिले. २०२२ मध्ये हुआन सोटो याला मिळवण्यासाठी पाद्रेजने नॅशनल्सला दिलेल्या खेळाडूंपैकी सी. जे. एब्रम्स, मॅकेन्झी गोर, रॉबर्ट हॅसेल व जेम्स वूड हे चौघे पाद्रेजने ड्राफ्टमध्ये निवडलेले होते.

## अंदाज आणि अफवा

ड्राफ्टपूर्वी वार्ताहर व विश्लेषक संभाव्य निवडींच्या याद्या प्रसिद्ध करतात. त्यांना 'मॉक ड्राफ्ट' म्हणतात. 'बेसबॉल अमेरिका' या नियतकालिकाने १९८० च्या दशकापासून हौशी खेळाडूंची क्रमवारी लावण्याची परंपरा रुजवली. २००७ पासून ड्राफ्टचे थेट दूरचित्रवाणी प्रक्षेपण होऊ लागल्यावर हा विषय सामान्य चाहत्यांपर्यंत पोहोचला.

या अंदाजांमागे आर्थिक व्यवहार असतो. खेळाडू किती रकमेवर सही करील, याविषयीच्या बातम्या सल्लागार व संघ आपापल्या सोयीने पसरवतात. अपेक्षा मोठी असल्याची बातमी पसरली की खेळाडू खालच्या क्रमांकापर्यंत घसरतो आणि खर्च करू शकणाऱ्या संघाच्या हाती लागतो. २००७ मध्ये उत्कृष्ट शालेय पिचरांपैकी एक मानला जाणारा रिक पोर्सेलो याच कारणाने २७ व्या क्रमांकापर्यंत खाली आला. टायगर्सने त्याला ७० लाख डॉलरचा करार दिला.

अफवांचा खेळाडूंवर होणारा परिणाम २९ जुलै २०१५ रोजी साऱ्या देशाने पाहिला. मेट्सच्या विल्मर फ्लोरेसची मिलवॉकी ब्रुअर्सशी अदलाबदल झाल्याची बातमी सामना सुरू असतानाच पसरली. प्रेक्षकांना ती समजली आणि त्यांच्याकडून फ्लोरेसला. वयाच्या १६ व्या वर्षापासून मेट्समध्ये असलेला हा खेळाडू मैदानावरच रडू लागला. प्रत्यक्षात तो सौदा पूर्ण झालाच नाही. दोन दिवसांनी त्याने नॅशनल्सविरुद्ध बाराव्या डावात होमरन मारून मेट्सला सामना जिंकून दिला.

## प्रथम क्रमांकाचे काही खेळाडू

* १९६६ – स्टीव्ह चिलकॉट (मेट्स) : मेजर लीगमध्ये खेळू शकला नाही. दुसऱ्या क्रमांकावर ॲथलेटिक्सने रेजी जॅक्सनला निवडले.
* १९७१ व १९७५ – डॅनी गुडविन : दोनदा प्रथम क्रमांकावर निवडला गेलेला एकमेव खेळाडू. पहिल्या वेळी त्याने करार नाकारला.
* १९८७ – केन ग्रिफी ज्युनियर (मरिनर्स) : हॉल ऑफ फेममध्ये गेलेला प्रथम क्रमांकाचा पहिला खेळाडू (२०१६).
* १९९० – चिपर जोन्स (ब्रेव्हज) : हॉल ऑफ फेम, २०१८.
* १९९१ – ब्रायन टेलर (यांकीज) : १५.५ लाख डॉलरचा विक्रमी बोनस. १९९३ मध्ये खांद्याला दुखापत झाली व तो मेजर लीगमध्ये पोहोचला नाही.
* २००१ – जो माउर (ट्विन्स) : हॉल ऑफ फेम, २०२४.
* २०१३ – मार्क एपल (ॲस्ट्रोज) : २०१८ मध्ये खेळ सोडला, नंतर परतला आणि २०२२ मध्ये फिलीजकडून पदार्पण केले.
* २०२३ – पॉल स्कीन्स (पायरेट्स) : २०२४ चा नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित. २०२५ चा साय यंग पुरस्कार.
* २०२४ – ट्रॅव्हिस बझाना (गार्डियन्स) : या क्रमांकावर निवडला गेलेला पहिला ऑस्ट्रेलियन.

याउलट माइक पियाझा हा १९८८ मध्ये डॉजर्सने बासष्टाव्या फेरीत, एकूण १,३९० व्या क्रमांकावर निवडलेला कॅचर २०१६ मध्ये ग्रिफीसोबतच हॉल ऑफ फेममध्ये गेला. तेवढ्या फेऱ्या आता होत नाहीत.

## टीका

ड्राफ्टच्या समर्थकांच्या मते या पद्धतीमुळे लहान शहरांतील संघांना उत्तम खेळाडू मिळतात व स्पर्धा चुरशीची राहते. पिट्सबर्गसारख्या संघाला स्कीन्ससारखा पिचर खुल्या बाजारात मिळाला असता का, असा प्रश्न ते विचारतात.

टीकाकारांचा मुख्य आक्षेप प्रतिनिधित्वाचा आहे. बोनसवरील मर्यादा संघमालक व खेळाडू संघटना यांच्यातील सामूहिक करारात ठरतात. परंतु ज्या हौशी खेळाडूंना त्या लागू होतात, ते संघटनेचे सदस्य नसतात व करारावर मत देऊ शकत नाहीत. संघटनेने अनेकदा प्रस्थापित सदस्यांच्या हिताच्या बदल्यात नवोदितांच्या उत्पन्नावर तडजोड केली, असेही म्हटले जाते. दुसरा आक्षेप समतोलाविषयीचा आहे. वरच्या क्रमांकाच्या आशेने संघ मुद्दाम हरत असतील, तर समतोलाचा हेतूच विफल होतो. सोडतीने हा मोह कमी केला असला तरी संपवलेला नाही.

लॅटिन अमेरिकेतील खेळाडूंसाठी आंतरराष्ट्रीय ड्राफ्ट सुरू करण्याचा प्रस्ताव २०२२ मध्ये चर्चेत होता. मालकांच्या मते त्यामुळे अल्पवयीन मुलांशी होणारे गैरव्यवहार थांबतील. खेळाडू संघटनेच्या मते देऊ केलेली रक्कम अपुरी होती. २५ जुलै २०२२ या मुदतीपर्यंत सहमती न झाल्याने जुनी पद्धत कायम राहिली.

## भारताशी संबंध

२००८ मध्ये 'मिलियन डॉलर आर्म' या स्पर्धेतून निवडले गेलेले रिंकू सिंग व दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातील भालाफेकपटू त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सशी करारबद्ध झाले. भारत ड्राफ्टच्या कक्षेत येत नसल्याने त्यांना ड्राफ्टमधून जावे लागले नाही. दोघेही मायनर लीगमध्ये खेळले. त्यांच्यावर २०१४ मध्ये त्याच नावाचा इंग्लिश चित्रपट आला.

ड्राफ्टची पद्धत भारतीय क्रिकेटलाही परकी नाही. इंडियन प्रीमियर लीगच्या पहिल्या हंगामापूर्वी, २००८ मध्ये, १९ वर्षांखालील खेळाडूंची वाटणी लिलावाऐवजी ड्राफ्टने झाली होती. त्यात दिल्लीच्या संघाने प्रदीप सांगवान याला पसंती दिली आणि विराट कोहली बंगळूरच्या संघाकडे गेला.

## हेही पाहा

* मेजर लीग बेसबॉल
* मायनर लीग बेसबॉल
* विश्व मालिका
* बेसबॉल हॉल ऑफ फेम
* इंडियन प्रीमियर लीग